शेपूट हलवणारा बाण

सोलापुरात बाळीवेशीच्या अलीकडं तिप्पण्णाचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे समोर पत्र्याची शेड, आत एक अंधारी खोली आणि त्या खोलीच्या पाठीमागं तो आणि त्याची आई सुंदरम्मा यांचा संसार. गिरणीचा भोंगा झाला की पाळी सुटलेले कामगार हवा भरायला तिथं थांबायचे आणि हवा भरून झाली तरी हलायचे नाहीत. गप्पा अर्थात तेच मारायचे. तिप्पण्णा आपला चाक टांगून त्याचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसलेला. एक डोळा मिटून, फिरत्या चाकाकडं बघत, कुठल्या तारेला किती पीळ द्यायचा ते ठरवत. पस्तिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, कपाळावर भस्माचे पट्टे आणि बोटांना ग्रीस. लग्नाचं कोणी काढलंच तर "आदी गुरूचं हुं दे" म्हणून विषय मिटवायचा, आणि गुरू तर सातासमुद्रापलीकडं. म्हणजे विषय कायमचाच मिटलेला.

गुरू म्हणजे गुरुलिंग, त्याचा धाकटा भाऊ. वडील ईश्वरप्पा गेले तेव्हा गुरू मराठी चौथीत होता आणि तिप्पण्णा मॅट्रिकला बसणार होता. तो बसला नाही. याच दुकानात पंक्चर काढायला लागला, पुढं दुकान त्याच्याकडंच आलं, आणि दुकानावर गुरू शिकला. इंजिनियर झाला. सत्तर साली अमेरिकेला गेला. मुंबईच्या गाडीच्या दारात उभं राहून, गाडी हलल्यावर तो ओरडला होता, "दोन वर्षांत येतो, अण्णा!" ती दोन वर्षं काही केल्या संपेनात.

दुष्काळ आला नि गेला. बाळीवेशीत नवीन नळ आले. गुरूची पत्रं यायची, फोटो यायचे, गुरू काही येत नव्हता. सुंदरम्मा दर दसऱ्याला शेंगाच्या पोळ्या करायची आणि चार पोळ्या जास्तीच्या करून फडक्यात बांधून ठेवायची. शेंगाची पोळी टिकते, हे खरं. पण किती टिकणार? शेवटी त्या पोळ्या तिप्पण्णाच खायचा, आणि खाताना त्याला फार वाईट वाटायचं.

अशात पंच्याहत्तर साली, पाऊस सरता सरता, गुरूच्या ओळखीचे एक गृहस्थ अमेरिकेहून आले आणि एक लांबुडका खोका तिप्पण्णाच्या दुकानात ठेवून गेले. विमानतळावरच्या साहेबानं खोका उघडून "हे काय?" म्हणून विचारलं, तेव्हा गृहस्थांनी बेधडक सांगितलं होतं, "सोलापूरला चाललंय, मागाचा सुटा भाग आहे." सोलापूरचं नाव ऐकल्यावर साहेबाला ते पटलंही. खोक्यातून निघालं ते बघून पेठेतल्या लोकांनाही तसंच वाटलं. मधोमध मूठ, वर एक पातं, खाली एक पातं, दोन्ही पात्यांच्या टोकाला एकेक चाक, आणि चाकांवरून इकडून तिकडं ताणलेल्या तारा. कोणी म्हणालं माग, कोणी म्हणालं मोडलेलं हाड सरळ करायचं यंत्र. तिप्पण्णानं मात्र दोरी बघितली, सोबतचे ॲल्युमिनियमचे पिसंवाले बाण बघितले, आणि तो मटकन खाली बसला. ते धनुष्य होतं.

याचं कारण कुंभारीला होतं. कुंभारी गावाजवळ त्यांचा जमिनीचा एक तुकडा होता. ज्वारी भरात आली की पोपटांची धाड पडायची. बाकीचे लोक माळ्यावर चढून गोफण फिरवायचे. तिप्पण्णानं बांबूचं धनुष्य केलं होतं. पाखरू त्यानं आयुष्यात एकही मारलं नाही, पण ज्या कणसावर पोपट बसलाय त्याच्या वीतभर वरून बाण सोडण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि सोडलेला बाण ज्वारीत घुसून शोधून आणायचं काम गुरूचं. अंगाला कुसळं लागलेली, नाक वाहतंय, आणि हातात बाण उंच धरून तो पळत यायचा, "घावला, अण्णा, घावला!" म्हणत. तिप्पण्णाच्या उभ्या जन्मात तेव्हाइतका सुखी तो पुन्हा कधी झाला नाही.

गुरूनं त्या गृहस्थांबरोबर तोंडी निरोप दिला होता. "अण्णाला म्हणावं, हे नीट जमवून ठेव. मी दसऱ्याला येतो. कुंभारीला जाऊन दोघं मिळून मारू."

झालं. तिप्पण्णाला जगायला आणखी काय पाहिजे होतं? सकाळी दुकान उघडायच्या आधी तो धनुष्य सायकलच्या दांडीला बांधून कुंभारीला जायचा. पोत्यात चिंध्या ठासून भरून निशाण केलं होतं, ते बाभळीला टेकवायचा. धनुष्य मोठं अजब होतं. ओढताना अर्ध्यात इतकं जड व्हायचं की दंडाला कळ लागावी, आणि मग एकदम चाकं फिरून हलकं. सगळा भार जणू कोणी दुसऱ्यानं उचलला. पहिल्या आठवड्यात बाण असे सणसणत सरळ गेले की तिप्पण्णा एकटाच रानात हसला.

आणि दसरा झाल्यावर बाण बिघडला. दसऱ्याला गुरू आला नव्हता, कामातून सुट्टी मिळाली नव्हती म्हणे. त्यानंतर तिप्पण्णा कुंभारीला गेला तो मन रमवायला, आणि पहिलाच बाण दोरी सोडून निघाला तो शेपूट वर-खाली हलवत. चिखलात कुत्रं शेपूट हलवतं तसा. पोत्यात घुसला तोही तिरका. दुसरा तसाच. तिसरा पोतं सोडून बाभळीच्या बुंध्यात बसला, तो उपटायला अर्धा तास गेला.

पत्रातून गुरूला विचारता आलं असतं. पण ते तिप्पण्णाला करायचं नव्हतं. गुरू येईल तेव्हा पहिलाच बाण सरळ जायला पाहिजे, आणि "अण्णा, तुझा हात अजून तसाच!" हे त्याच्या तोंडून ऐकायला पाहिजे, असं त्यानं मनाशी धरलं होतं. बिघाड आपला आपण काढायचा. चाकाचा आऊट काढणाऱ्याला बाणाचा आऊट निघत नाही म्हणजे काय?

त्यानं एक जुनी रिम घेतली, तिच्यावर वर्तमानपत्र खळीनं चिकटवलं आणि ती दोन काठ्यांच्या मध्ये टांगली. त्या कागदातून बाण मारायचा आणि कागद कसा फाटला ते बघायचं. बाण सरळ असेल तर एकच भोक, त्याच्याभोवती पिसांच्या चिरा. इथं टोकाचं भोक एकीकडं आणि पिसांची फाड त्याच्या वर. म्हणजे कागदात शिरताना शेपूट उचललेलं. मग दोरीवर जिथं बाणाची खाच बसते ती जागा त्यानं केसभर खाली घेतली. फाड कमी झाली. तो खुशीत आला. पुढच्या बाणाला फाड खाली आली, त्याच्या पुढच्याला पुन्हा वर. तिप्पण्णा डोक्याला हात लावून बसला.

मग त्याला वाटलं, पिसं कुठंतरी घासत असणार. घासतात कुठं ते कळायला पिसांना काहीतरी पांढरं लावायला हवं. घरात पांढरं म्हणजे देवघरातलं भस्म. त्यानं भस्माची गोळी कुस्करून पिसांना चोळली, ती सुंदरम्मानं बघितली.

"यप्पा! देवाचं भस्म बाणाच्या बुडाला लावतोस? लाज हाय का न्हाई तुला?"

"गुरूसाठी हाय, अव्वा. त्यो यायच्या आदी हे नीट व्हाया पायजे."

सुंदरम्मा आत गेली आणि भस्माच्या उरलेल्या सगळ्या गोळ्या आणून तिनं त्याच्या पुढ्यात ठेवल्या. म्हणाली, "मग घे की. एवढंसं कशाला घेतोस?"

मुठीवर बाण जिथं टेकतो तिथं भस्माची एक रेघ सापडली. तिप्पण्णानं वॉलट्यूबच्या रबराचा तुकडा कापून तिथं चिकटवला, आणि घासणं थांबलं. बाणाचं शेपूट काही थांबलं नाही. बाण लवचिक पडतात की काय म्हणून त्यानं वेळूचे नवे बाण तासले. त्यातला पहिलाच धनुष्याच्या जोरानं मधूनच उभा चिरला. बोट वाचलं हे नशीब. दोन्ही पात्यांचे बोल्ट सारखेच आवळले आहेत ना, हे त्यानं कितीदा पाहिलं असेल त्याला सुमार नाही. पेठेतले लोक म्हणायला लागले, तिप्पण्णाला धनुष्याची बाधा झालीय.

पण बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. हे सगळं करताना तो मनातल्या मनात गुरूशी बोलत असायचा. "तम्मा, खाच खाली घेऊन बगितली. तुला काय वाटतं? पातं सैल करू का?" आणि गुरूही त्याला उत्तरं द्यायचा, त्या लहानपणच्या चिरक्या आवाजात. पाच वर्षं जो नुसता पत्रांतून नि फोटोंतून भेटायचा, तो आता रोज सकाळी कुंभारीपर्यंत सायकलच्या दांडीवर बसून यायला लागला. बिघाड लवकर सापडावा असं तिप्पण्णाला वाटायचं, आणि सापडू नये असंही वाटायचं.

शहात्तरचा दसरा गेला. गुरू आला नाही. यंदा नक्की, असं सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यानं कळवलं, आणि तिप्पण्णानं नेट लावला. एक गोष्ट बघायची राहिलीच होती. चाकं. सायकलवाला असून चाकांकडंच त्याचं लक्ष गेलं नव्हतं, कारण चाकं दिसायला ठणठणीत होती. पण ओढताना दोन्ही चाकं एकदम फिरतात का, ते ओढणाऱ्याला कसं दिसणार? त्यानं दोन्ही चाकांवर खडूनं सारखी खूण केली आणि परसात सुंदरम्माला समोर उभं केलं.

"अव्वा, मी ओढतो. तू फकस्त खुणांकडं बघ. दोनी एकदम फिरून थांबत्यात का सांग."

त्यानं धनुष्य ओढलं. सुंदरम्मानं डोळे बारीक केले.

"वरचं पोचलं. खालचं मागं ऱ्हायलं."

"परत बघ."

"मागंच ऱ्हातंय. तार कशावर तरी चडतीया तितं. काय तरी..." आणि सुंदरम्मा बोलायची थांबली.

तिप्पण्णानं धनुष्य सावकाश सोडलं आणि खालच्या चाकाशी वाकला. चाकाच्या पोटातल्या भोकातून ओवून, कडेच्या खोबणीवरून घेऊन, कच्च्या सुताचा पाचपदरी दोरा बांधलेला होता. हळदीचा, आता तेलानं काळा पडलेला. धनुष्य ओढलं की तार त्या खोबणीत बसायची ती दोऱ्यावर चढायची, आणि खालचं चाक अडायचं.

दोरा त्यानं पहिल्यांदा पाहिला होता असं नाही. जवळजवळ दोन वर्षं तो रोज बघत होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांच्या घरात सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. पाने, हातोडी, हवेचा पंप, चाक टांगायचा घोडा, सगळ्यांना भस्म, कुंकू आणि दोरा. तो दोरा पुढं कोणी सोडत नाही, आपोआप झिजून गळेल तेव्हा गळेल. पंपाला दोरा, पान्याला दोरा, तसा धनुष्याला दोरा. परका माणूस असता तर त्याला पहिल्या दिवशी तोच खुपला असता. तिप्पण्णाच्या डोळ्याला तो धनुष्याचाच भाग वाटत आला होता.

"घावलं की, अव्वा!" तो आनंदानं ओरडला आणि खिशातला चाकू काढला.

"थांब."

सुंदरम्मा परसातल्या दगडावर बसली.

"त्यो पूजेचा न्हाई. म्हंजे पूजेलाच बांदला, पर गाठ नवसाची हाय. सिद्धरामाला बोलले हुते. माज्या गुरूला येऊ दे म्हनून. त्यो आला की त्यानंच आपल्या हातानं सोडायची. मदी कुनी सोडली तर..." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मला काय ठाव, तुजा बाण त्यानं वाकडा जातोय? काड. काडायचा तर काड."

तिप्पण्णानं तिच्याकडं पाहिलं. काढ म्हणताना तिनं दोन्ही हातांनी पदर घट्ट आवळून धरला होता. त्या घटकेला त्याच्या मनात एक विचार येऊन गेला, आणि तो आपण लपवायचं कारण नाही. त्याला वाटलं, आपण इथंच राहिलो, तेव्हा आपल्यासाठी हिनं कुठं कधी दोरा बांधला नाही. राहिलेल्या माणसासाठी कोण नवस बोलतं? मनाला ते टोचलं. पण टोचलं तेवढंच. त्याला काही मागायचं असतं तर त्यानंही तेच मागितलं असतं.

त्यानं चाकू मिटला. "दोऱ्यानं काय हुतंय, अव्वा? दुसरंच कायतरी असंल. बगतो मी."

"आनि एक," सुंदरम्मा म्हणाली, "त्यो आला तर त्याला नवसाचं सांगू नगं. म्हातारीनं बांदून वडून आनला, असं त्याला वाटाया नगं. आपल्या मनानं आला असंच ऱ्हाऊ दे. तुला शपथ हाय."

तेव्हापासून तिप्पण्णानं उलटं काम सुरू केलं. आता बिघाड काढायचा नव्हता, बिघाड धरून बाण सरळ मारायचा होता. गाठ जागेवर ठेवून त्यानं बाकीचं सगळं हलवलं. खालच्या पात्याचा बोल्ट पाव आटा ढिला केला. खाच इतकी वर नेली की कुठल्याही जाणकारानं कपाळावर हात मारला असता. मुठीवरचं रबर एका अंगाला जाड केलं. पिसं कातरली. रिमवर कागद चिकटवून चिकटवून घरातली रद्दी संपली, मग शेजारच्यांची संपली. सत्त्याहत्तरचा दसरा आला नि गेला, गुरू काही आला नाही, पण त्या दिवाळीत एका सकाळी कागदाला एकच भोक पडलं. त्याच्याभोवती पिसांच्या सारख्या चिरा. तिप्पण्णानं तो कागद घरी नेऊन सुंदरम्माला दाखवला. तिला त्यातलं काही कळलं नाही, तरी ती म्हणाली, "लई बेस झालं." दोघांच्याही मनात एकच होतं. आता फक्त त्यानं यायचं बाकी आहे.

आणि अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत, सिद्धरामाची गड्ड्याची जत्रा संपत आली असताना, गुरू आला.

खरंच आला. टॅक्सीतून उतरला, जाड झालेला, केस मागं वळवलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. सुंदरम्मानं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि तिला रडू आवरेना. तिप्पण्णानं त्याची बॅग आत नेऊन ठेवली, परत बाहेर आणली, परत आत नेली. काय करावं त्याला सुचत नव्हतं. गुरू म्हणाला, "अण्णा, किती रे वाळलास!" तेवढ्यानंच तिप्पण्णाला भरून आलं. पण गुरू थोड्याच दिवसांसाठी आला होता. पुण्यात काम होतं, मुंबईत काम होतं, आल्या दिवसापासून तो घड्याळ बघत होता. माठातलं पाणी त्याला चालत नव्हतं, उकळून गार करून द्यावं लागायचं. कडक भाकरी आवडीनं मागून घेतली आणि अर्धी ठेवली. सुंदरम्मानं उरलेली अर्धी कोणाला न दाखवता स्वतः खाल्ली. तिप्पण्णा रोज वाट बघायचा, आज म्हणेल, उद्या म्हणेल. शेवटी निघायच्या आदल्या दिवशी गुरूच म्हणाला, "अण्णा, ते धनुष्य आहे ना रे अजून? चल, कुंभारीला जाऊ."

हुरड्याचे दिवस होते. आगटी पेटवली, कणसं भाजली, सुंदरम्मा बांधावर बसून तळहातावर हुरडा चोळत होती. शेंगाची चटणी, गूळ, सगळं मांडलं होतं. पोपटांचा थवा ओरडत ज्वारीवरून गेला आणि गुरू लहान पोरासारखा वर बघून हसला. तिप्पण्णानं धनुष्य काढलं. बाभळीला नवं पोतं टेकवून ठेवलं होतं.

"पैला तूच मार, तम्मा," तो म्हणाला.

गुरूनं धनुष्य हातात घेतलं, वर-खाली न्याहाळलं. तो आता यातला माहीतगार झाला होता, तिकडं सुट्टीच्या दिवशी मारायला जायचा. त्याची नजर खालच्या चाकावर थांबली.

"हे काय रे अडकलंय? अण्णा, याच्यानं टायमिंग जातं ना!" आणि कोणी काही बोलायच्या आत त्यानं खिशातला छोटा चाकू काढला, टोक घातलं, आणि दोरा कापून बोटानं ओढून काढला. दोन-तीन तुकडे झाले. ते त्यानं ढेकळांत टाकून दिले.

बांधावर सुंदरम्माचा हात थांबला. तिप्पण्णा जागच्या जागी उभा होता. सांगायचं झालं तर ही एकच वेळ होती. खाच वर का आहे, बोल्ट ढिला का आहे, सगळं सांगता आलं असतं. पण त्यानं आईकडं पाहिलं, आणि तिनं नाही म्हणून मान हलवली, अगदी थोडीशी.

गुरूनं बाण लावला, धनुष्य ओढलं आणि सोडलं.

बाण निघाला तो पार वेडा झाल्यासारखा. शेपूट आभाळाकडं, टोक जमिनीकडं, मग उलटं, आणि पोतं सोडून, बाभळ सोडून, ज्वारीत कुठंतरी जाऊन पडला. दुसरा त्याच वाटेनं गेला. तिप्पण्णानं सगळं धनुष्य त्या गाठीच्या बेतानं जमवलं होतं, आणि आता गाठच नव्हती.

"अरे अण्णा," गुरू हसत सुटला, "कसलं ट्यूनिंग केलंयस हे? खाच बघ कुठं नेऊन ठेवलीस! पार वाट लावलीस की याची." त्यानं हसत हसत अण्णाच्या पाठीवर थाप मारली. हसण्यात वाईट काही नव्हतं, मायाच होती. "मला एक-दोन तास मिळाले ना, सगळं परत सेट करून देतो." मग त्यानं घड्याळ पाहिलं. पाचला त्याला कोणाकडं तरी चहाला बोलावलं होतं. "जाऊ दे, आता नाही होणार. पुढच्या खेपेला करू."

"व्हय," तिप्पण्णा म्हणाला. "पुडच्या खेपेला करू की."

मग तो बाण शोधायला ज्वारीत शिरला. गुरू बांधावर उभा राहून "डावीकडं, अण्णा, आणखी डावीकडं" म्हणून सांगत होता. कुसळं तिप्पण्णाच्या मानेत शिरत होती. दोन्ही बाण सापडल्यावरही तो लगेच बाहेर आला नाही. गळ्यातल्या टॉवेलनं त्यानं तोंड नीट पुसलं आणि मगच आला. येऊन बघतो तर सुंदरम्मा ढेकळांत ओणवी होऊन काहीतरी शोधत होती.

"अव्वा, काय पडलं गं?" गुरूनं विचारलं.

"काय न्हाई रे. हुरडा सांडला जरा."

दुसऱ्या दिवशी गुरू गेला. या वेळी गाडीच्या दारात उभं राहून तो काही ओरडला नाही, नुसता हात हलवत राहिला. घरी आल्यावर सुंदरम्मा आतल्या खोलीत जाऊन पडली आणि तिप्पण्णानं दुकान उघडलं. एक चाक टांगलं, फिरवलं आणि त्याच्याकडं बघत बसला. आऊट दिसत होता, पण हात वर होत नव्हते.

दोन-तीन दिवसांनी, सिद्धरामाच्या देवळात नारळ फोडून आल्यावर, सुंदरम्मा बाहेर आली. "फिटला बग नवस," ती म्हणाली. "त्याच्याच हातानं सुटली गाठ." मुठीत ढेकळांतून वेचलेले दोऱ्याचे तुकडे होते, ते ती देवळाच्या तळ्यात सोडायला विसरली होती. "तेवडंच मागितलं हुतं न्हवं मी. येऊ दे, म्हटलं. आला."

मग सुंदरम्मानं कनवटीचं नवं सूत काढलं. पाच पदर, हळदीत भिजवलेलं, अजून ओलं.

"आन ते धनुष्य."

त्यानं ते आणून तिच्यापुढं आडवं धरलं. म्हातारीची बोटं त्या चाकाच्या भोकात सूत ओवायला चाचपडू लागली.

"अव्वा," तिप्पण्णा म्हणाला, "या खेपेला ऱ्हाऊ दे म्हन की गं. नुसतं येऊ दे नगं. ऱ्हाऊ दे म्हन."

सुंदरम्मानं मान हलवली. "नगं रे बाबा. म्हातारी लई मागाया लागली असं सिद्धरामाला वाटलं, आनि त्यानं येनं बी बंद केलं तर?"

सूत ओवलं गेलं, पण चाक सारखं फिरत होतं आणि गाठ बसत नव्हती. तिप्पण्णानं दोन्ही हातांनी ते चाक घट्ट धरून ठेवलं, तिला गाठ नीट मारता यावी म्हणून.